पैजेचा दुसरा कान

इस्माईल, मेलास तर मेलास. पण वाद अर्ध्यात टाकून गेलास, ह्ये काय खऱ्या माणसाचं काम न्हाई. जाताना निदान "बिरू, तू बरोबर हायस" येवढं तरी बोलून जायाचं हुतं. तुझ्या कबरीवर मूठमूठ माती टाकताना माझ्या तोंडात शिवी आलती. शेजारी तुझा मेव्हणा उभा हुता म्हणून गिळली. लोकं म्हणली, बिरू लय रडला. रडतोय कुटला! दातओठ खात हुतो मी.

आता मोबाईलवर जो तो तुझ्याबद्दल लिवतोय. कुपवाडचा साऊंडवाला इस्माईल, मनमिळाऊ, शांत, कुणाशी वाकडं न्हाई. वाचून हसू बी आलं आणि राग बी आला. शांत? तू? दुपारच्या सुट्टीत नानाच्या चहाच्या गाड्यावर माझ्याशी भांडल्याबिगर तुझ्या घशाखाली चहा उतरत नव्हता. मी वर्कशॉपातनं लेथचं काम सोडून तसाच काळ्या हातानं यायचो, तू दुकानातनं खांद्यावर वायरीचं भेंडोळं टाकून यायचास, आणि ग्लास हातात पडायच्या आधीच आपली तोंडं सुटायची. विषय एकच. किंग सिदराम.

किंग म्हणं! आमच्या जत तालुक्यातल्या शेजारच्या वाडीचं धनगराचं पोरगं. आईबापानं सिदराम ठेवलं, ह्येनं त्येच्या म्होरं किंग लावलं. डोळ्याला काळा चष्मा लावला, आमच्या ओवीखाली धाडधाड ठोका घातला आणि गाणं सोडलं मोबाईलवर. झालं. फलटणपासनं जतपर्यंत हळदीला त्येच, वरातीला त्येच, उसाच्या ट्रॅक्टरवर बी त्येच. 'बांडी, बांडी' करत अख्खा सातारा-सांगली नाचाय लागला. नाचणाऱ्या निम्म्या पोरांना वाटतं, बांडी म्हंजी कोणतरी पोरगी हाय.

मेंढी हुती ती, गड्या. माझ्या बापाची. तुला ह्ये मी हजारदा सांगितलं असंल, पण तू ऐकून न ऐकल्यागत करायचास. आमचा आबा ओवीचा म्होरक्या हुता. बिरोबाच्या देवळाम्होरं सुंबरान, म्हंजी देवाच्या नावाची ओवी, मांडलं की पाच वाड्यांची माणसं ढोलाभवती गोळा व्हायची. एका पावसाळ्यात वड्याला पाणी आलं आणि आबाची लाडकी बांडी मेंढी पल्याडच ऱ्हायली ती ऱ्हायली. त्या साली आबानं देवाम्होरं ओवी टाकली, "बांडी गेली वड्यापल्याड, हाक माझी आल्याड." तीच ओळ ह्या किंगनं उचलली आणि खाली लिवलं, शब्द किंगचं, चाल किंगची.

मी तापलो की तू बशीत चहा ओतत म्हणायचास, "ओवी काय कुणाच्या बापाची असती व्हय रं?"

"ही माझ्या बापाची हाय!"

गाड्यावरची सगळी हसायची. तू बी हसायचास. मला तवा वाटायचं, ह्येच्या बशीतला चहा ह्येच्याच डोक्यावर ओतावा.

तुझं म्हणणं आपलं एकच. किंगचा गळा खरा हाय. का, तर त्यो कोण बी नव्हता तवा त्येच्या वाडीच्या जत्रंत साऊंड तुझा हुता. भर दुपारी लाईट गेली, माइक बंद, मैदान पांगाय लागलं, आणि ह्यो पोरगा तसाच दगडावर चढून बिनमाइकचा गायला. पांगलेली माणसं परत फिरली. "मी कानानं ऐकलंय, बिरू. तू नव्हतास." माझं त्या दिवशी काम हुतं, मी नव्हतो, ह्येचाच तू जन्मभर फायदा घेतलास. कुटं बी अडलास की आपलं तेच. तू नव्हतास.

बरं, मग मेढ्याच्या कार्यक्रमाला तर मी हुतो ना?

तवा त्येचा साऊंड अजून तुझ्याकडंच असायचा. "चल, आज तुझं तोंडच बंद करतो," म्हणून तू मला टेंपोत घालून मेढ्याला नेलंस. वाटंत मला शिकवलंस बी. वायरीवर चिकटपट्टी असती, पांढऱ्या पट्टीची ती माइकची, लाल पट्टीची ती ट्रॅकची. ट्रॅक म्हंजी आधीच भरून ठेवलेलं गाणं, आपलं वाजतं आणि गाणारा त्येच्यावर गातो. मी म्हणलं, गातो का नुसतं तोंड हलवतो? तू म्हणलास, बगशीलच आता.

बगितलं की! दुपारचं ऊन, मैदान गच्च, आणि किंग 'बांडी' गातोय. तेवढ्यात गावातली मंडळी हार घिऊन स्टेजवर चढली. किंगनं माइक काखंत धरला, दोन्ही हातांनी हार घेतला, वाकून नमस्कार केला. आणि गाणं चालूच! "हाक माझी आल्याड" काखंतनं झकास येत हुतं. मी तुझ्याकडं बगितलं. तू मिक्सरच्या बटणांकडं असा बगत हुतास की जणू काय तितं तुझी जन्मपत्रिका मांडलीया.

परत येताना वड्याच्या गाडीवर थांबलो, तर वडा बी तू मान खाली घालून खाल्लास. शेवटाला म्हणलास, "दमला हुता रं त्यो. लागोपाठ कार्यक्रम असत्यात."

"दमला म्हणून काखंतनं गायला?"

त्या दिवसापासनं मी त्येला काखंतला किंग म्हणाय लागलो. त्येच्या पोरांच्या नाकाला लय मिरच्या झोंबल्या. मोबाईलच्या दुकानवाला पप्पू, त्यो फॅन क्लबचा अध्यक्ष, त्येनं मला भर चौकात सुनावलं, "काका, तुमी जळताय." व्हय, जळतोय. बापाची मेंढी चोरीला गेलेला माणूस जळणार न्हाई तर काय गार पडणार?

पण गड्या, त्येनं माझ्या बापाची ओळ उचलली ह्येच्यापेक्षा त्येनं तुला टाकलं ह्येचा डूख माझ्या मनात जास्ती हुता. कार्यक्रम मोठं झालं आणि त्येनं पुण्याचा साऊंड धरला. तुला साधं सांगितलं बी न्हाई. तू तारखेला टेंपो धुऊन, बॉक्स चढवून बसला हुतास, आणि पप्पूकडनं कळलं की दुसरी गाडी गेली. मी म्हणलं, चल, जाऊ आणि त्येची कॉलर धरू. तू टेंपोतनं बॉक्स परत उतरवत म्हणलास, "माझी साऊंडची पेटी बारकी, त्येचं मैदान मोठं झालं. त्यो तरी काय करील?" तुझ्या ह्या मोठ्या मनाचा मला कायम संताप यायचा. तू माफ करून मोकळा व्हायचास आणि तुझ्या वाटणीचा राग मला करायला लागायचा.

आणि हेच तुझं मन मी विसरू म्हणलं तरी विसरता येत न्हाई, ह्येचा बी राग येतो. आबाचा आवाज पार बसला हुता तवा तू साऊंड घिऊन आमच्या वाडीला आलतास. आबा म्हातारा, हेकट. म्हणला, "त्या डबड्यात मी गाणार न्हाई." तू त्येच्या पायाजवळ बसून म्हणलास, "आवं आबा, तुमी त्यात गाऊच नगा. तुमी आपलं देवाकडं बगून गावा, डबडं बसंल गप." आणि खांबाला फडकं गुंडाळून त्यात माइक दडवलास. त्या दिवशी आबाचं शेवटचं सुंबरान देवळाच्या पायरीपासनं पार बांधापर्यंत ऐकू गेलं. आबाला वाटलं, त्येचा आवाज परत आलाय. त्यो त्याच आनंदात गेला. त्येच्यासाठी मी तुझा जन्मभर मिंधा हाय आणि हे तोंडानं तुला कवा म्हणलो न्हाई. म्हणलो असतो तर तू लगेच म्हणला असतास, "मग आता किंगचा गळा खरा हाय म्हण."

मग तुझ्या छातीचं दुखणं निघालं. मिरजंच्या दवाखान्यात तुला ठेवलं. मी कामावरनं सुटलो की तितं. साताऱ्याचं कोण आलं, फलटणची तुझी सासुरवाडी आली, नानानं तर गाडा बंद ठिवून चक्कर मारली. ज्येच्यासाठी तू जगाशी भांडलास त्यो मातूर आला न्हाई. त्याच आठवड्यात त्यो सांगलीत कुटल्यातरी दुकानाची फीत कापून गेला, मी फोटो बगितला. मी बोललो की तू भिताडाकडं तोंड करायचास. "त्येला टाईम नसंल."

शेवटी एकदा मी चिडलोच. म्हणलं, "इस्माईल, तुझा किंग खोटा हाय. गळ्यानं बी खोटा आणि काळजानं बी खोटा."

तू उठून बसलास. नाकात नळी, तरी उठून बसलास. "पैज लाव. ट्रॅक बंद करून त्येला 'बांडी' म्हणायला लाव. म्हणली तर तू नानाच्या गाड्याम्होरं, सगळ्यांदेखत दोन्ही कान धरायचं. न्हाई जमली तर मी धरीन."

"लागली."

शमीमवहिनी दारातनं वरडल्या, "आवं, दवाखाना हाय ह्यो! दोघांस्नी बी भाईर काढतील." तू हसत आडवा झालास. त्येच्यानंतर तू मला पाणी मागितलंस, उशी मागितलीस, पण किंगचं नाव काढलं न्हाईस. आणि मग एका सकाळी गेलासच.

आता तू गेल्यावरचं ऐक. तुला हे कुणी सांगितलं नसंल.

तुला माती दिली त्येच्या दुसऱ्या दिवशी किंगचा व्हिडिओ आला. काळा चष्मा डोक्यावर सरकवलेला, डोळं पुसतोय, मागं बारीक आवाजात बासरी. "इस्माईलमामा माझे गुरू होते." मामा! गुरू! लाखानं माणसं बगाय लागली. खाली सगळी रडाय लागली, किंग किती साधा, किंग किती मायाळू. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी मोबाईलमधल्या किंगला म्हणलं, जित्याला पाणी पाजायला आला न्हाईस आणि मेल्यावर त्येच्या नावानं टाळ्या गोळा करतोस?

तेवढ्यानं भागलं न्हाई. पप्पूच्या फॅन क्लबनं चौकात फलक लावला. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' त्येच्यावर किंग हात जोडून उभा, डोक्यापासनं पायापर्यंत, आणि कोपऱ्यात तुझं तोंड, रुपयाएवढं. फोटो कुठला घेतला ठाऊक हाय? नानाच्या गाड्यावर आपण दोघांनी काढलेला. मला कापला त्यातनं. तुझ्या खांद्यावर नुसता एक हात ऱ्हायलाय, काळा, लेथच्या तेलानं माखलेला. त्यो माझा हाय.

वहिनी मला म्हणल्या, "भावजी, आमच्यात असलं लावत न्हाईत. तेवढं काढायला लावा. चौकात ह्यांचं तोंड लटकलंय, मला बाजाराला जाववंना."

मी पप्पूकडं गेलो. तर त्यो म्हणला, "काका, रविवारी हितंच सभा हाय. किंग स्वतः येणार, 'बांडी' गाणार. तुमच्या दोस्ताचं नाव हुईल. तुमी बी दोन शब्द बोला."

इस्माईल, खरं सांगतो, त्या वेळी माझ्या डोक्यात जे आलं त्येनं मला तू गेल्यापासनं पहिल्यांदा बरं वाटलं. बापाच्या ओवीचा, तुझ्या धुतलेल्या टेंपोचा, दवाखान्यातल्या त्या रिकाम्या खुर्चीचा, सगळ्याचा वचपा एकाच ठिकाणी निघणार हुता. मी पप्पूला म्हणलं, बोलतो की. पण साऊंड इस्माईलचाच लागला पायजे, त्येचा मान हाय त्यो. पप्पू खूश. वहिनींना मी म्हणलं, वहिनी, एकदाच पेटी द्या, सभा संपली की फलक मी सौताच्या हातानं उतरवतो. त्या म्हणल्या, "भावजी, तुमी काय तरी करणार हायसा." मी म्हणलं, व्हय, करणार हाय. त्यांनी किल्ली दिली.

रविवारी पाचाला चौक भरला. कामगार, बाया, पोरं, सगळ्यांच्या हातात मोबाईल वर. तुझी पेटी मी लावली. वायरी तुझ्याच हातच्या पट्ट्या लावलेल्या. लाल आणि पांढरी. किंग आला, फुलं वाहिली, डोळं पुसलं, आणि पप्पूनं माइक माझ्या हातात दिला.

दोन शब्दच बोललो मी. म्हणलं, "इस्माईल मरायच्या आधी एक मागून गेलाय. किंगनं 'बांडी' गावी, पण ट्रॅक बंद करून. नुसत्या गळ्यानं. मेलेल्या माणसाची फर्माईश हाय, न्हाई म्हणायचं नसतं." आणि सगळ्यांदेखत लाल पट्टीची वायर उपसून हातात धरली.

पप्पूचं तोंड बगायला पायजे हुतं तू! किंगनं चष्मा काढला. माझ्याकडं बगितलं, फलकाकडं बगितलं. पळून जातोय आता, असं वाटलं मला. पोरं वरडाय लागली, "किंग, किंग!" त्येला पळायला वाटच ठेवली न्हाई त्येच्याच पोरांनी.

आणि त्येनं सुरू केलं.

तुझ्याशी खोटं बोलणार न्हाई. पहिली ओळ आली तशी माझ्या अंगावर काटा आला. गळा खरा हाय, इस्माईल. खरखरीत, उघडा, मेंढरामागं वरडून वरडून तयार झाल्यागत. म्हणलं, हरलो. हा मेलेला माणूस जिंकला. मग "बांडी गेली वड्यापल्याड" म्हणून त्यो वर चढला, जितं आबा छाती फुगवून हाक मारायचा त्या जाग्यावर, आणि तितं त्येचा दम तुटला. काडी मोडावी तसा आवाज मोडला. पुढची ओळ आलीच न्हाई.

मागं कोणतरी फिस्सकन हसलं. मोबाईल सगळ्यांचं चालूच. किंग माइक धरून उभा, घाम गळतोय, आणि आवाज न्हाई.

हीच घडी मला पायजे हुती. हिच्यासाठी मी किती वर्सं दात खाल्लं. हात बांधून नुसतं उभं ऱ्हायचं हुतं मला, बास.

पण तुला आमच्या ओवीची रीत ठाऊक हाय. म्होरक्या ओळ टाकतो, मागची माणसं ती धरून परत म्हणत्यात, ती झील. म्होरक्याचा दम तुटला तर झीलवाल्यानं ओळ भुईला पडू द्यायची न्हाई. देवाम्होरं उचललेली ओवी अर्ध्यात टाकत न्हाईत. लहानपणी माझी झील पडली की आबा गाता गाता, मागं न बगता, माझ्या पिंढरीवर काठी हाणायचा. त्या काठीनं मला जे शिकवलं ते मला इचारून चालत न्हाई. ओळ तुटली आणि माझं तोंड आपोआप उघडलं.

"हाक माझी आल्याड!"

मीच वरडलो, इस्माईल. बिनमाइकचा, हातात तुझी लाल वायर धरून. ज्येला बुडवायला आलतो त्येलाच वर काढला. किंगनं दचकून बगितलं, त्येचा श्वास आला, त्येनं पुढची ओळ धरली, मी मागनं झील दिली. तशी त्यो टाकत गेला आणि मी उचलत गेलो. आमी ती ओवी पुरी केली. चौक टाळ्यांनी फुटला. नाना डोळं पुसत हुता, येडा.

आणि त्या व्हिडिओचं काय झालं म्हणतोस? 'किंगचा खरा आवाज' म्हणून गाजतोय. खाली पोरांनी लिवलंय, "मागं कोण काका वरडतोय? त्येला गप करा, किंगला गाऊ द्या." माझ्या बापाची ओवी, आणि मलाच गप करा! बस हसत आता मातीखाली.

माणसं पांगल्यावर किंग टेंपोमागं माझ्याकडं आला. मी त्येला तोंडावरच म्हणलं, "दवाखान्यात का आला न्हाईस? त्यो तुझ्यासाठी भांडत हुता आणि तू फिती कापत हुतास."

त्यो खाली बगून म्हणला, "काका, मामांनीच येऊ नगं म्हणून सांगितलं हुतं."

"खोटं बोलू नगंस."

"बिरोबाची आण. मेढ्याच्या कार्यक्रमानंतर मामा चिडलं. म्हणलं, काखंतनं गातोस व्हय रं? मी त्यांचं ऐकंना म्हणून त्यांनीच साऊंड सोडला, तोंड बगणार न्हाई म्हणलं. टेंपो धुऊन बसलं हुतं ते रागानं, मी माफी मागायला येतोय का बगायला. मी गेलो न्हाई. पण फोन करायचे, दर आठवड्याला. 'ट्रॅक बंद करून बांडी म्हण. फोनवरच म्हण.' मी म्हणायचो. दर बारी तितंच तुटायचं. मग म्हणायचे, 'बिरू म्हणतो तुला जमत न्हाई. आणि बिरू बरोबर म्हणतोय. पुरी म्हणशील तवा तोंड दाव.' दवाखान्यात हायत कळलं तसा फोन लावला, येतो म्हणलं. तर म्हणले, 'बांडी झाली का? न्हाई? मग ठेव.' "

मी टेंपोचा फाळका दाणकन आपटला.

बिरू बरोबर म्हणतोय! म्हणलास तर तू. पण मला न्हाई म्हणलास, त्येला म्हणलास! माझ्याशी त्येच्या बाजूनं भांडलास आणि त्येच्याशी माझ्या बाजूनं. इतकी वर्सं माझा चहा गार केलास, मला गाड्यावर हसू केलंस, आणि संध्याकाळी दुकानात बसून फोनवर माझीच तळी उचलत हुतास. इस्माईल, तुझं सगळं माफ, पण हे माफ न्हाई. हे एक वाक्य माझ्या तोंडावर म्हणला असतास तर तुझं काय झिजलं असतं? मी ते ऐकायला जन्मभर तुझ्या म्होरं बसलो हुतो की रं, गड्या.

त्याच संध्याकाळी मी फलक उतरवला. किंगनं दुसरी बाजू धरली. त्यातनं तुझं तोंड आणि माझा हात तेवढा कापून घेतला आणि वहिनींना विचारून तुझ्या दुकानात आतल्या भिंतीला लावला. किंगचं बाकीचं सगळं गुंडाळून मी नानाला दिलं, त्येनं गाड्यावर छत केलंय. आता किंग हात जोडून उन्हात उलटा पडलाय आणि खाली आमी चहा पितो. तेवढा सूड मी घेतला, कबूल हाय.

आणि दुसरा बी चालू हाय. दर रविवारी सकाळी किंग तुझ्या दुकानात येतो. गाडी लांब लावतो, पोरांनी बगू नये म्हणून. चष्मा काढून ठेवतो. पेटी बंद, माइक बंद. मी म्होरं उभा ऱ्हातो आणि त्येला मागं झीलला उभा करतो. किंगला, मागं! त्येची झील पडली की मी मागं न बगता पिंढरीवर काठी हाणतो. पहिल्यांदा हाणली ती आबाच्या नावानं. दुसरी माझ्या मनानं. परवा एक जरा जोरात बसली, ती तुझ्या धुतलेल्या टेंपोसाठी. पोरगं वरडलं, पण झील धरली त्येनं. गाण्याखाली लिवलेलं बी बदललंय, शब्द आणि चाल आता आबाच्या नावावर हाय. त्येच्या बदल्यात काठी कमी करीन असं त्येला वाटत असंल तर त्यो चुकलाय.

ऱ्हायली पैज. गाड्यावर सगळी टपून बसली हुती, बिरू कान धरतोय का न्हाई बगायला. पप्पू म्हणतो, किंग गायला, काकानं धरावं. नाना म्हणतो, आवाज तुटला, मेलेला हरला. दोघं बी बरोबर. अर्धी त्येनं म्हणली, अर्धी त्येला जमली न्हाई. अर्धा तू हरलास, अर्धा मी.

काल दुपारी सुट्टी झाली. हात न धुता मी गाड्याम्होरं उभा ऱ्हायलो आणि सगळ्यांदेखत डावा कान धरला. तेलाचा डाग लागला कानाला. कोण हसलं न्हाई, इस्माईल. नुसतं पप्पूनं इचारलं, "काका, दुसरा?"

मी म्हणलं, "दुसरा इस्माईलनं धरायचा हाय. त्यो पल्याड हाय, आणि मी काय त्येला सोडणार न्हाई."